पप्पा कुठून उठतील?

जय ख्रिस्त ताई,

आम्ही नागपूरचे, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. जानेवारीत पप्पा गेले. वय ७८, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी मेडिकल कॉलेजात देहदानाचा फॉर्म भरला होता आणि दर ख्रिसमसला जेवताना सगळ्यांना आठवण करून द्यायचे, 'मला पेटीत घालू नका, पोरांना शिकायला द्या.' दादाने आणि मी तसंच केलं. चर्चच्या पाळकसाहेबांनी घरीच प्रार्थना घेतली. आई पप्पांच्या तोंडावरून हात फिरवत होती, तेवढ्यात गाडी आली आणि उचलायची घाई झाली.

ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी (म्हणजे आमचं चर्च) दफनभूमीत जाते. ज्याची त्याची कबर, फुलं, मेणबत्त्या. आम्ही आजी-आजोबांच्या कबरीजवळ उभे राहिलो. मोठी आत्या लग्नानंतर कॅथलिक झाली, तीही आली होती. सगळ्यांसमोर म्हणाली, 'माझ्या भावाला कुठं ठेवलं तुम्ही? शेवटच्या दिवशी मेलेले उठतील तेव्हा तो उठणार कुठून?' एक काका समजावायला पुढे आले आणि म्हणाले, प्रभू येशूचीसुद्धा कबर रिकामीच होती. तेव्हापासून आई चर्चला येत नाही. रात्री उठून बसते. परवा मला म्हणाली, 'पप्पांना परत आणता येते का पाहा.' दादा म्हणतो, आत्मा देवाकडे गेला, शरीर म्हणजे जुना कपडा, एवढं आईला कसं समजत नाही.

मला कुणाचंच पटत नाही. खरं सांगायचं तर पप्पा उठतील की नाही हेच मला आता माहीत नाही, आणि हे घरात कुणाजवळ बोलता येत नाही. माझाही देहदानाचा फॉर्म भरलेला आहे. तो रद्द करू का?

एक लेक, सदर, नागपूर

जय ख्रिस्त,

आईचा प्रश्न आधी घेते, कारण झोप तिची उडाली आहे. आत्या, दादा आणि तुमचा फॉर्म थोडं थांबू शकतात.

पण त्याआधी काकांचं. त्यांचा हेतू चांगलाच असणार, तरी ते वाक्य त्या पहाटे बोलायला नको होतं. योहानाच्या शुभवर्तमानातला विसावा अध्याय आज घरी काढून वाचा. येशूची शिष्या मग्दालिया मरीया अंधार असतानाच त्याच्या कबरीशी येते. कबर रिकामी दिसते आणि तिला तसूभरही आनंद होत नाही. कुणीतरी देह उचलून नेला, एवढंच तिच्या मनात येतं. ती धावत जाऊन पेत्र या शिष्याला सांगते, मग रडत रडत देवदूतांना सांगते, आणि शेवटी ज्याला ती बागेचा माळी समजते त्याला म्हणते: तुम्ही त्याला नेलं असेल तर कुठे ठेवलं ते सांगा, मी घेऊन जाईन. एकटी बाई एका पुरुषाचा देह उचलून नेणार कशी, हा विचार तिला शिवतसुद्धा नाही. तुमच्या आईचं 'परत आणता येते का पाहा' हे त्याच जातीचं बोलणं आहे. तिला कुणी 'विश्वास कमी पडतोय' म्हणत असेल तर त्याला हा अध्याय वाचायला द्या. रिकाम्या कबरीची सुवार्ता मरीयेला समजली ती नंतर, कबर पाहून नव्हे, तर जिवंत येशूने तिला नावाने हाक मारल्यावर. ती हाक तुमच्या आईला अजून ऐकू आलेली नाही. तिच्यापुढे फक्त नसलेला देह आहे.

आत्यांचा प्रश्नही असाच. 'कुठं ठेवलं?' हे त्यांनी चारचौघांत विचारलं, ते जिव्हारी लागणारच. पण येशूचा मित्र लाजार मेल्यावर चौथ्या दिवशी येशू बेथानीला पोचला, तेव्हा त्यानेही हेच विचारलं: त्याला तुम्ही कोठे ठेवले आहे? आणि लगेच तो रडला. काही वेळात आपण याला हाक मारून उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. तेव्हा ज्याला पुनरुत्थानाची, म्हणजे मेलेले पुन्हा उठण्याची, खात्री आहे त्याने रडू नये, मृताची जागा विचारू नये, असा काही नियम नाही.

आता खरा प्रश्न, की ज्याला कबर नाही तो कुठून उठेल. हा प्रश्न मंडळीला फार जुन्या काळापासून पडलेला आहे आणि त्याचं उत्तरही तितकंच जुनं आहे. १७७ साली आजच्या फ्रान्समधल्या लियोंमध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. मेलेल्यांचे देह सहा दिवस उघड्यावर टाकले, मग जाळले आणि राख ऱ्होन नदीत सोडून दिली. वाचलेल्यांनी पत्र लिहून ही हकीकत कळवली, ती इतिहासकार युसेबियसने जपून ठेवली आहे. छळणाऱ्यांचा हेतूही त्यात नोंदलेला आहे: यांच्या पुनरुत्थानाच्या आशेची पाळंमुळंच उखडायची. देहाचा कणही मागे राहिला नाही, तर यांचा देव उठवणार काय? मंडळीला मात्र त्यात काही अडचण वाटली नाही. ज्याने मातीतून माणूस केला त्याला नदीतली राख गोळा करणं जड नाही, असंच तिने धरलं. (हा दाखला आत्यांना तोंडावर ऐकवू नका. 'तुम्ही छळणाऱ्यांच्या बाजूने बोलताय' असा त्याचा अर्थ निघेल आणि पुढचे दोन ख्रिसमस वाया जातील.)

आईला सांगायचं तर मोनिकाचं सांगा. जुन्या काळच्या मोठ्या धर्मपंडिताची, संत ऑगस्टिनची, आई. तिने आफ्रिकेत आपल्या गावी नवऱ्याशेजारी स्वतःची कबर तयार करून ठेवली होती आणि आयुष्यभर तिला त्याची काळजी होती. पण ३८७ साली घरी परतायच्या वाटेवर, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती आजारी पडली. मुलांना म्हणाली, हा देह कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका, फक्त वेदीपाशी माझी आठवण करा. आपल्या गावापासून इतक्या लांब देह ठेवायची भीती नाही का वाटत, असं कुणीतरी तिला विचारलं होतं. तिचं उत्तर मुलाने लिहून ठेवलं आहे: देवापासून काहीच लांब नाही, आणि जगाच्या शेवटी मला कुठून उठवायचं हे त्याला सापडणार नाही अशी भीती धरायचं कारण नाही. नवऱ्याशेजारच्या जागेसाठी जीव टाकणारी बाई हे बोलली आहे. कुणा धर्मपंडितापेक्षा आईला ही बाई जवळची वाटेल.

आत्यांनी कॅथलिक मंडळीचा हवाला दिला असेल, किंवा पुढे देतील, म्हणून तेही सांगून ठेवते. दफनालाच पसंती, हे त्यांचं बरोबर आहे. पण १९६३ मध्येच रोमने (म्हणजे पोपच्या कारभाराने) दहनावरची जुनी बंदी सैल केली. देह जाळल्याने आत्म्याला काही होत नाही आणि देवाच्या उठवण्याच्या सामर्थ्यालाही बाधा येत नाही, असं त्यामागचं म्हणणं होतं. मरणोत्तर अवयवदानाला तर त्यांच्या धर्मशिक्षणात थोर कृत्य म्हटलं आहे, आणि शास्त्रीय अभ्यासासाठी मृतदेहाची तपासणी चालू शकते हेही मान्य केलं आहे. मात्र २०१६ च्या सूचनेत रोमने एक गोष्ट निक्षून सांगितली: अस्थी वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात, म्हणजे मेलेला माणूस नातेवाइकांच्या आणि मंडळीच्या प्रार्थनेतून नाहीसा होणार नाही. इथे आत्यांचं अर्धं म्हणणं खरं ठरतं. पप्पांच्या उठण्याला जागेची गरज नाही. तुम्हाला आहे.

आणि ही गरज काही कमी विश्वासाची खूण नव्हे. आपल्याच काटोल रोडवर जुनापाणीला दगडांची वर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी मांडलेली. एवढे धोंडे ओढून आणायचे म्हणजे काय कष्ट पडले असतील! ज्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून नागपुरात आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपूरजवळच्या टाकळघाटची अशीच वर्तुळं पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. ख्रिस्ताचं नाव या भागात कुणी ऐकायच्या कितीतरी आधीपासून इथली माणसं मृतांसाठी जागा राखत आली आहेत. तुमच्या आईला ती जागा मिळाली नाही. तिला तर नीट निरोपही घेता आला नाही. माझा अंदाज विचाराल तर तिची झोप पुनरुत्थानाच्या शंकेने उडालेली नाही. गाडीच्या घाईत तिचा हात पप्पांच्या तोंडावरून उचलला गेला, त्याने उडालेली आहे.

म्हणून आता हे करा. आईला स्पष्ट सांगा की पप्पांना परत आणता येणार नाही. 'बघतो, विचारतो' म्हणत टोलवू नका, त्याने ती आणखी रात्री जागेल. मग तुम्ही एकट्या, आईला न नेता, मेडिकलच्या शरीररचनाशास्त्र विभागात जाऊन भेटा. देह स्वीकारताना सही केलेले कागद सोबत ठेवा. अभ्यास संपल्यावर देहाचे अंत्यसंस्कार कसे होतात, त्या वेळी घरच्यांना कळवतात का, अस्थी मिळू शकतात का, हे विचारा. मिळणार असतील तर आजी-आजोबांच्या कबरीत त्या ठेवता येतील का, ते पाळकसाहेबांशी बोला. नसतील मिळणार तरी त्या दगडावर पप्पांचं नाव, जन्म-मृत्यूची सालं आणि 'देह विद्यार्थ्यांना दिला' एवढी ओळ कोरून घ्या. आता बऱ्याच मेडिकल कॉलेजांत पहिल्या वर्षाची मुलं विच्छेदनाला हात लावण्याआधी उभी राहून शपथ घेतात, की या देहाचा आदर राखू, आणि ज्याने तो दिला त्याचे आभार मानतात. इथे तसं होत असेल तर आईला हे जरूर सांगा. तिला वाटतंय, आपण त्यांना परक्यांत टाकून आलो.

दगड बसवाल त्या दिवशी पूर्ण उपासना ठेवा. घाई नको. गीतं आईला निवडू द्या, आत्यांना एक वाचन द्या. दफनविधीतलं 'मातीला माती' म्हणायला समोर माती नसेल, तरी बाकी सगळं म्हणता येतं. त्यानंतरही महिना-दोन महिने आईची झोप अशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता दादा. त्याला वाटतंय तो ख्रिस्ती बोलतोय, पण जुन्या कपड्याचा दाखला गीतेतला आहे. शेजारपाजारच्या सांत्वनात तो इतक्यांदा कानावर पडतो की आपल्या तोंडीही बसला आहे. गीतेच्या जागी तो थोरच आहे. पण आपण दर रविवारी प्रेषितांचा मतांगीकार (आपल्या विश्वासाची कबुली) म्हणतो तेव्हा 'देहाचे पुनरुत्थान' म्हणतो. सुटका झालेल्या आत्म्यावर तिथे थांबत नाही. उठलेल्या येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, संशय घेणाऱ्या थोमा या शिष्याला हातांवरचे वण दाखवले. जो देह क्रुसावर खिळला तोच उठला, पण मरणाच्या पलीकडचा होऊन. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात हेच समजावलं आहे. मेलेले कशा देहाने येतील असं विचारणाऱ्याला तो आधी निर्बुद्ध म्हणून झापतो (हा सूर दादाने उचलू नये), मग पेरलेल्या दाण्याचं सांगतो. तूर पेरली तर उगवते ती तूरच, पण जमिनीतल्या त्या दाण्याकडे बघून शेंगांनी लगडलेल्या झाडाची कल्पना येत नाही. देह टाकाऊ असता तर तो विद्यार्थ्यांना दिला काय, न दिला काय, त्याचं मोल ते काय? पप्पांनी मोलाची वस्तू दिली. दादाने ती जुन्या कपड्याच्या हिशेबात टाकली तर बापाचा मोठेपणा तोच कमी करतोय. एवढं त्याला एकट्यात सांगा, आईसमोर नको.

आणि तुम्ही. पप्पा उठतील की नाही हे माहीत नाही, असं तुम्ही लिहिलंत. ते मी खोडून काढू शकत नाही, तसा आवही आणणार नाही. पौल स्वतः या बाबतीत कुठेही आडपडदा ठेवत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं पोकळ, तुमचा विश्वास पोकळ, आणि सगळ्या माणसांत आम्हीच जास्त कीव करण्यासारखे, असं तो सरळ लिहितो. उठलेल्या ख्रिस्ताला पाहिलेल्यांची यादी देतो: पेत्र, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत म्हणतो, मग याकोब, आणि सर्वांत शेवटी मी. त्याची आशा मनाच्या समाधानावर उभी नाही. एक घटना घडली की नाही, यावर उभी आहे. म्हणून ती तपासायची, घासून बघायची मोकळीक तुम्हालाही आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर उठलेल्या प्रभूला प्रत्यक्ष पाहतात, आणि तिथेही काहींना संशय वाटतो. त्यांना कुणी बाजूला काढत नाही. पुढची आज्ञा सगळ्यांना एकत्रच मिळते. थोमा तर पूर्ण आठ दिवस 'मी विश्वास ठेवणारच नाही' म्हणत त्याच घरात इतरांबरोबर राहिला.

दफनविधीत आपण ज्या ओळी वाचतो, 'अरे मरणा, तुझा विजय कोठे? अरे मरणा, तुझी नांगी कोठे?', त्या तुम्हाला सध्या खोट्या वाटत असतील. त्याच्या अलीकडची ओळ वाचा. नाशवंताने अविनाशीपण धारण केल्यावर हे वचन पूर्ण होईल, असं पौल म्हणतो. ते अजून व्हायचं आहे. त्याच अध्यायात तो मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो आणि तो नाहीसा व्हायचा बाकी आहे हेही सांगतो. तेव्हा आज नांगी लागते, खूप लागते, असं म्हणणाऱ्याने पौलाविरुद्ध काही म्हटलेलं नाही. आईबरोबर चर्चला बसा, प्रार्थना करवली नाही तरी बसा. आणि हा संशय पाळकसाहेबांना किंवा एखाद्या जवळच्या मैत्रिणीला एकदा मोठ्याने सांगा. माझ्यासारख्या अनोळखी बाईला लिहिण्यावर भागवू नका.

राहिला फॉर्म. तो तुमचा निर्णय आहे आणि पप्पांचाही त्यांचाच होता, तुम्ही तो पाळलात हे योग्यच केलंत. पण आईचं हे वर्ष सरेपर्यंत तुमच्या फॉर्मचा विषय घरात काढू नका, रद्दही करू नका. पुढे तो तसाच ठेवायचा ठरलं, तर निरोपाला किती वेळ हवा, गाडी कधी बोलवायची, नाव कुठे कोरायचं, हे कागदावर लिहून त्यालाच टाचून ठेवा आणि ते कागद कुठे आहेत ते दादाला दाखवून ठेवा.

तुमची,
ताई